मित्राला घेऊन किनाऱ्यावरून उडताना: या चुका टाळा

छोटं विमान उडवायचा नवा परवाना हातात पडला की पहिला मोठा बेत बहुधा हाच असतो. शनिवारी सकाळी मित्राला शेजारी बसवायचं, किनाऱ्याकडेने उडत जायचं, एक मुक्काम करायचा आणि रविवारी परत. बेतात वावगं काही नाही. पण यात होणाऱ्या चुकांचा दोष उगाच समुद्रावर टाकला जातो. बऱ्याचशा चुका शेजारच्या सीटमुळे आणि सोमवारच्या ऑफिसमुळे होतात. एकट्याने जे उड्डाण सहज रद्द केलं असतं, ते मित्रासमोर रद्द करणं जड जातं.

वजन विचारायला लाजणं

सेस्ना १५२ या दोन आसनी विमानाचं कमाल वजन ७५७ किलो. रेडिओ वगैरे धरून रिकामं विमानच सव्वापाचशे किलोच्या आसपास भरतं. त्यात ८५-८५ किलोची दोन माणसं बसवा, टाकी गच्च भरा (इंधनाचं वजन लिटरमागे सुमारे ०.७२ किलो), की बॅग ठेवण्याआधीच मर्यादा ओलांडलेली असते. मित्राला त्याचं वजन अंगावरच्या कपड्यांसकट स्पष्ट विचारा, कॅमेऱ्याची बॅग काट्यावर ठेवा आणि मगच किती इंधन घ्यायचं ते ठरवा. कमी घ्यावं लागलं तर वाटेत एक थांबा वाढवा. दिवसाच्या उड्डाणात ३० मिनिटांचं राखीव इंधन पुष्कळ ठिकाणी नियमाला पुरतं. किनाऱ्यावर मात्र तासाभराचं असावं, कारण पर्यायी धावपट्टी बहुधा आत, जमिनीकडे शोधावी लागते.

मित्राला नुसतंच बसवणं

त्याची सीट रुळावर नीट अडकली आहे का, हे स्वतः हलवून पाहा. उड्डाणाच्या वेळी सीट मागे घसरली तर माणूस हाताला येईल ते धरतो, आणि हाताला येतं ते नियंत्रणाचं चाक. फोन आणि कॅमेरा डॅशबोर्डवर ठेवू देऊ नका, जवळचा चुंबकीय होकायंत्राचा काटा हलतो. दार कसं उघडायचं ते त्याच्याकडून एकदा करून घ्या. हवेत दार किलकिलं झालंच, तर आवाज प्रचंड होतो, पण बहुतेक छोटी विमानं तशीही व्यवस्थित उडतात. दाराशी झटापट न करता विमान सांभाळा आणि उतरून ते लावा. मित्रही पायलट असेल तर कमांड कोणाकडे हे जमिनीवरच ठरवा. दोन पायलट असले की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतोय.

वाळूवरची माणसं दिसावीत म्हणून खाली उडणं

फोटो चांगले येतात, मान्य. पण सेस्ना १७२ सारखं विमान इंजिन बंद पडल्यावर १,००० फुटांवरून वारा नसताना जेमतेम पावणेतीन किलोमीटर तरंगत जातं. ३,००० फुटांवरून हेच अंतर आठ किलोमीटर होतं. खाडी किंवा आखात ओलांडताना हा हिशेब आधी करा. लाइफ जॅकेट मागच्या सीटवर नको, अंगावर हवं. ते हाताने फुगवायचं असावं आणि विमानाबाहेर पडल्यावरच फुगवावं. पाणी लागताच आपोआप फुगणारं बोटीवरचं जॅकेट तुम्हाला पाणी भरलेल्या केबिनच्या छताला चिकटवून ठेवेल.

‘आज तर उकडतंय, बर्फ कुठला?’

किनाऱ्यावरची दमट हवा कार्बोरेटरला (इंजिनात जाणाऱ्या हवेत इंधन मिसळणारा भाग) घातक असते. कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून जाताना हवेचा दाब घटतो, तिथेच इंधनाची वाफ होते आणि तापमान २० अंशांहूनही जास्त खाली येऊ शकतं. म्हणून बाहेर २५ अंश असतानाही आत बर्फ धरतो. लक्षण फसवं असतं. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) हळूहळू शंभरभर उतरतात, गप्पांच्या नादात तुम्ही थ्रॉटल, म्हणजे ताकद वाढवायचा दांडा, किंचित पुढे सरकवता आणि विसरून जाता.

कार्ब हीट, म्हणजे कार्बोरेटरमध्ये गरम हवा सोडणारी खुंटी, पूर्ण ओढा, अर्धवट नको. आरपीएम आणखी पडतील. बर्फ वितळून पाणी आत गेलं की इंजिन काही क्षण खडखडेलही. नेमक्या याच क्षणी घाबरून हीट बंद केली जाते. धीर धरा, ओढलेलीच राहू द्या. थोड्या वेळाने आरपीएम वर चढले, तर बर्फच होता. पंख्याचा वेग स्थिर राखणारा प्रॉपेलर असेल तर आरपीएम काहीच सांगणार नाहीत, मॅनिफोल्ड प्रेशरवर (इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबावर) नजर हवी. फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनात कार्बोरेटरच नसतो, तेव्हा हा परिच्छेद त्यांच्यासाठी नाही.

क्षितिज हरवल्यावरही पुढे जाणं

धूसर हवेत समुद्र आणि आकाश एकाच राखाडी रंगाचे होतात. १६ जुलै १९९९ ला, शुक्रवारी, अमेरिकेच्या माजी अध्यक्षांचे चिरंजीव जॉन एफ. केनेडी ज्युनियर पत्नी आणि मेहुणीला घेऊन निघाले तेव्हा अंधार पडत होता. अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ त्यांचं पायपर सॅराटोगा विमान समुद्रात कोसळलं, तिघेही गेले. तपासाचा निष्कर्ष होता, पायलटचं स्थितिभान (वर कुठे, खाली कुठे याची जाणीव) सुटलं, त्यात काळोखी रात्र आणि धूसर हवा. १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या एका अभ्यासात, उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण नसलेल्या २० पायलटांचा बाहेरचा देखावा झाकला, तेव्हा ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले.

तोल सांभाळणारा आतला कान जे सांगतो त्यावर विसंबू नका. नजर कृत्रिम क्षितिजावर (विमान किती कललं आहे ते दाखवणाऱ्या उपकरणावर) ठेवा, पंख सपाट करा, हलक्या वळणाने जमीन होती त्या दिशेला परता आणि रेडिओवर स्पष्ट मदत मागा. मित्राला तेवढा वेळ गप्प बसायला सांगा.

रविवारी ‘अजून तासभर थांबू’

मला विचाराल तर सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. जमीन तापली की उशिरा सकाळी समुद्रावरून वारा सुटतो आणि दुपारी जोर धरतो. धावपट्टी किनाऱ्याला समांतर असेल तर तो सगळाच्या सगळा आडवा. सेस्ना १७२ साठी १५ नॉटचा (ताशी सुमारे २८ किलोमीटर) आडवा वारा चाचणीत दाखवलेला आहे, तो कसलेल्या चाचणी-पायलटने हाताळलेला. तुमचा आकडा यापेक्षा लहान आहे. तो आधीच कागदावर लिहा, खिडकीतून वाऱ्याची पिशवी बघत ठरवू नका. त्याच वाऱ्यासोबत समुद्रावरचं धुकंही आत येऊ शकतं. तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) यांत दोन-तीन अंशांचाच फरक उरला असेल, तर आत्ता मोकळी दिसणारी धावपट्टी थोड्याच वेळात झाकली जाऊ शकते.

मित्र म्हणेल, “अरे, समोर तर निळं दिसतंय!” त्याचं उत्तर शुक्रवारीच देऊन ठेवा: “रविवारी हवा बिघडली तर विमान तिथेच राहील, आपण गाडीने येऊ. साहेबांना आधीच सांगून ठेव.” एवढं ठरलेलं असलं की रद्द करताना वाद होत नाही. निघायचं असेल तर सकाळीच निघा.

परत आल्यावर दोन कामं. निघताना कळवलेला फ्लाइट प्लॅन (उड्डाणाचा बेत) पोहोचल्याचं सांगून बंद करा, नाहीतर तुम्ही घरी चहा पीत असताना शोधपथक कामाला लागेल. आणि विमान गोड्या पाण्याने धुऊन काढा. खारी हवा बिजागरांत आणि केबलींत शिरून ॲल्युमिनियम हळूहळू खाते.