पहिली स्कूबा बुडी: विहिरीत शिकलेला दम आधी सोडा

अण्णांनी मला पोहायला शिकवलं ते औसा तालुक्यातल्या आमच्या शेतातल्या विहिरीत, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. मी सात-आठ वर्षांची असेन. काठावर उभं राहून ते ओरडायचे, ‘‘दम धर आन् मार उडी!’’ दम धरायचा, तळ गाठायचा, तळातला चिखल मुठीत घेऊन वर यायचं. चिखल दाखवला की शाबासकी. पुढची चाळीस वर्षं पाण्यात डोकं गेलं की माझा श्वास आपोआप थांबायचा. स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली श्वास घेत राहणं, शिकताना सगळ्यात जास्त कष्ट पडले ते ही सवय मोडायला, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते. विहिरीत, नदीत, तलावात पोहायला शिकलेल्या बहुतेकांना ती असतेच.

मी लातूरला अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. बॉइलचा नियम फळ्यावर किती वेळा लिहिला असेल याची मोजदाद नाही. तापमान तेच राहिलं तर दाब दुप्पट झाल्यावर वायूचं आकारमान निम्मं होतं. समुद्राच्या पृष्ठभागावर आपल्यावर एका वातावरणाचा दाब असतो आणि खाली जाताना दर १० मीटरला आणखी एकाची भर पडते. विहिरीत उडी मारताना छातीत चार लिटर हवा भरली, तर ती खाली आवळली जाते आणि वर आल्यावर पुन्हा चार लिटर होते. स्कूबात तुम्ही श्वास घेता तोच मुळी खाली, आणि रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा देणारा तोंडात धरायचा भाग, त्या खोलीवरच्या दाबाची हवा देतो. १० मीटरवर घेतलेली चार लिटर हवा दम धरून वर आणली तर तिला आठ लिटर जागा लागेल. छाती तेवढी ताणत नाही. फुप्फुस फाटतं, हवा रक्तात शिरते, मेंदूपर्यंत जाऊ शकते. यासाठी १० मीटर खोली लागते असंही नाही. दीड-दोन मीटरवरून भरल्या छातीने वर आलात तरी इजा होऊ शकते, कारण प्रमाणात बघितलं तर दाबातला सगळ्यात मोठा फरक वरच्या पाण्यातच आहे.

म्हणून पाण्याखाली श्वास एक क्षणही थांबवायचा नाही. काही कारणाने रेग्युलेटर तोंडातून सुटला, तर तो पुन्हा तोंडात जाईपर्यंत हळू ‘आऽऽ’ म्हणत बारीक बुडबुडे सोडत राहायचं.

याची तयारी घरी करता येते. मी आंघोळीच्या वेळी डोक्यावरून तांब्याने पाणी ओतत ओतत, नाक न दाबता, फक्त तोंडाने श्वास घ्यायची. पहिले दोन दिवस ठसका लागला. आठवडाभरात नाकावरून पाणी वाहत असतानाही तोंडाने सावकाश श्वास चालू राहायला लागला. पुढे मास्कमध्ये पाणी शिरलं तेव्हा मला घाबरायला झालं नाही, त्याचं श्रेय या तांब्याला.

पोहता येत नसेल तर? पर्यटकांना जी एकदाची बुडी देतात, त्यासाठी मालवणला पोहता येण्याची अट नसते. प्रशिक्षक मागून धरून नेतो. तरी माझं मत विचाराल तर आधी उताणं तरंगायला शिका. ज्याला पाण्यावर दहा मिनिटं स्वस्थ पडून राहता येतं, त्याचा श्वास खालीही स्वस्थ असतो. पुढे पॅडी या आंतरराष्ट्रीय स्कूबा प्रशिक्षण संस्थेचं ओपन वॉटर हे सुरुवातीचं प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं करून दाखवावंच लागतं. त्यानंतर १८ मीटरपर्यंत जाता येतं. पहिल्या ओळखीच्या बुडीची मर्यादा १२ मीटर, आणि मालवणच्या किल्ल्याजवळ ती बहुधा पाच ते आठ मीटरमध्येच होते. तेवढी खोली भरपूर आहे.

आता माझी चूक. पहिल्यांदा गेले ती भाचीच्या हट्टाने. ‘‘आत्या, तू विहीर गाजवलीस, समुद्राला काय घाबरतेस?’’ मला तीन दिवसांपासून सर्दी होती. पैसे भरलेले, होडी सुटायला आलेली, म्हणून नाक मोकळं करणारी गोळी घेऊन गेले. ज्यांच्याकडे गेलो त्यांनी सर्दीबद्दल विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. दोन-अडीच मीटरवर उजव्या कानात कोणीतरी दाभण खुपसावं तशी कळ आली. मी जोर लावून नाकातून फुंकलं. वर आले तेव्हा मास्कमध्ये नाकातून रक्त आलेलं. लातूरला परतल्यावर कानाच्या डॉक्टरांनी पडदा फाटलेला नाही असं सांगितलं, पण तीन आठवडे कानात पाणी जाऊ द्यायचं नाही म्हणाले.

घशापासून कानाच्या पडद्यामागच्या पोकळीपर्यंत युस्टेशियन नळी जाते. खाली जाताना बाहेरचा दाब पडद्याला आत ढकलतो, म्हणून या नळीतून हवा पाठवून आतला दाब बरोबरीत आणावा लागतो. सर्दीत नळी सुजून बंद असते. गोळीने ती तात्पुरती उघडली तरी खाली असताना गोळीचा असर उतरू शकतो, आणि मग वर येताना हवा आत अडकते. सर्दी असेल तर पैसे बुडू द्या, बुडी मारू नका. दमा, फिट येणं, हृदयविकार, छातीची किंवा कानाची शस्त्रक्रिया यातलं काहीही असेल तर घरूनच डॉक्टरांचं लेखी मत घेऊन निघा. गरोदरपणात हा विषयच काढायचा नाही. आणि किनाऱ्यावर आरोग्याचा फॉर्म हातात देतील तेव्हा सगळीकडे ‘नाही’वर खुणा करून मोकळं होऊ नका. तो फॉर्म खरं सांगण्यासाठी आहे.

दुसऱ्यांदा गेले ती जानेवारीत, सर्दी नसताना आणि प्रश्नांची यादी घेऊन. पावसाळ्यात मालवणला हे सगळं बंद असतं. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे, त्यातही थंडीच्या महिन्यांत पाणी बरंच निवळ आणि सकाळी वारा कमी. किनाऱ्यावर फिरून मी चार ठिकाणी तेच प्रश्न विचारले. माझ्याबरोबर पाण्यात जो उतरणार त्याचं स्वतःचं प्रमाणपत्र कोणतं? तो एका वेळी किती जणांना नेतो? होडीवर ऑक्सिजनची किट आहे का? उतरण्याआधी उथळ पाण्यात सराव किती वेळ? एका ठिकाणी उत्तर आलं, ‘‘मॅडम, तुम्हाला काहीच करायचं नाही, आम्ही धरतो.’’ तिथून मी उठले. स्वतःला काही करायचं नसेल तर शिकणार काय? तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे सरावाचा तलावही आहे. रीतसर शिकायचं असेल तर मालवणला जाणाऱ्याने तिथे चौकशी जरूर करावी.

शेवटी ज्या मुलाबरोबर गेले तो मासेमारीच्या घरातला, तिशीचा. एकालाच घेऊन उतरायचा. मी घड्याळ बघितलं तर म्हणाला, ‘‘घाई कित्याक? दर्या खंय पळान जातलो?’’ त्या एका वाक्याने माझे खांदे सैल झाले.

सामानाची ओळख त्याने होडीवर करून दिली. पाठीवरच्या टाकीत ऑक्सिजन नसतो, आपली रोजचीच हवा दाबून भरलेली असते. १२ लिटरची टाकी २०० बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण एका वातावरणाचा दाब) भरली की हिशोबाने २,४०० लिटर हवा झाली. मिनिटाला २० लिटर लागते असं धरलं तर वर दोन तास पुरेल, १० मीटरवर एकच तास. नवखा धापा टाकतो म्हणून त्याला त्याहूनही कमी. दाब दाखवणारा काटा ५०च्या जवळ यायच्या आत वर असायचं. हवा भरायचं जाकीट असतं, कमरेला शिशाची वजनं असतात. माझ्या पट्ट्यात पाच किलो होती. जड वाटलं, पण खाऱ्या पाण्यात अंग इतकं तरंगतं की त्यांच्याशिवाय खाली जाताच येत नाही. मास्कच्या काचेला आतून थुंकी चोळून विसळायची, म्हणजे वाफ धरत नाही. पुरुषांची मिशी दाट असेल तर मास्कमध्ये थोडं पाणी झिरपतंच.

सरावाला छातीभर पाण्यात गेलो, आणि हा वेळ कुणालाही कमी करू देऊ नका. तीन गोष्टी मी तिथे पुन्हापुन्हा केल्या. तोंडातून रेग्युलेटर काढून परत घालणं: आधी जोरात फुंकून आतलं पाणी बाहेर काढायचं, मग श्वास घ्यायचा. फुंकायला हवा उरली नसेल तर रेग्युलेटरच्या समोरच्या बाजूचं बटण दाबायचं. दुसरं, मास्कमधलं पाणी काढणं: वरची कड कपाळाला दाबून धरायची, नजर थोडी वर, आणि नाकातून सावकाश लांब फुंकायचं, पाणी खालून निघून जातं. तिसरं, खुणा. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे ठीक आहे. काही त्रास असेल तर तळवा पालथा धरून हलवायचा आणि जिथे त्रास आहे तिथे बोट दाखवायचं. अंगठा वर म्हणजे ‘वर चला’. आपल्याला अंगठा दाखवून ‘मस्त’ म्हणायची सवय. खाली आनंदाने अंगठा दाखवलात तर प्रशिक्षक तुम्हाला वर घेऊन येईल. अंगठ्याला कुणी का म्हणून विचारत नाही. तुम्हाला वर यावंसं वाटलं, एवढं पुरे.

या सरावातच माझी विहीर उफाळून आली. रेग्युलेटर तोंडात, डोकं पाण्यात, आणि श्वास बंद. त्याने माझ्या डोळ्यांसमोर बोटं धरली: चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. सातव्या-आठव्या श्वासाला छातीतली गाठ सुटली. रेग्युलेटरचा आवाज ऐकत राहिलं की सोपं जातं, आवाज थांबला म्हणजे आपण दम धरला.

खाली जाताना नांगराच्या दोराला धरून, पाय खाली, डोकं वर. कान मोकळे करायची सुरुवात पृष्ठभागावरच करायची: नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, कानात ‘टक्’ होतं. मग दर अर्ध्या मीटरला पुन्हा, दुखायच्या आधी. दुखायला लागलं म्हणजे उशीर झाला. तिथे जोर लावायचा नाही, हाताने खूण करून थोडं वर यायचं, दाब कमी झाला की पुन्हा हलकेच फुंकायचं. काहींना नुसतं गिळून जमतं, काहींना जबडा पुढे-मागे हलवून. मला उजव्या कानासाठी मान डावीकडे कलती करावी लागते. पाच मीटर उतरायला मला सहा मिनिटं लागली. मास्क चेहऱ्याला ओढायला लागला तर नाकातून थोडी हवा आत सोडायची.

तळाशी पोचल्यावर पाणी हिरवट होतं, सात-आठ मीटरपर्यंत दिसत असेल. मनगटावर मी लाल नाडा बांधला होता, तो तपकिरी दिसायला लागला. पाणी लाल रंग सगळ्यात आधी शोषून घेतं. होडीच्या इंजिनाचा आवाज आला, पण कुठल्या बाजूने ते कळेना. पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने जातो आणि दोन कानांमधला फरक मेंदूला लागत नाही. म्हणून डोळ्यांवर भिस्त ठेवा. काळ्या पट्ट्यांचे पिवळसर मासे माझ्या कोपराजवळ आले. खडकाच्या फटीत एक हेकरू तोंड उघडझाप करत बसला होता, बाजारात पाटीतच बघितलेला. तो होता त्यापेक्षा मोठा आणि जवळ दिसला, हे पाण्यातून मास्कमधल्या हवेत शिरताना प्रकाश वळतो त्यामुळे, म्हणजे अपवर्तनामुळे. हात लांबवून कशालाही लावायचा नाही. मालवणचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि प्रवाळावर एक पाय पडला तर कित्येक वर्षांची वाढ मोडते. मासे जवळ यावेत म्हणून काही जण पाव टाकतात. तुमच्यासमोर टाकायला निघाले तर नको म्हणा. पाव हे माशांचं अन्न नाही, आणि मला तरी तो हेकरू आपल्या फटीत बघायचा होता.

वर येताना घाई नाही. मिनिटाला नऊ मीटरहून जास्त वेग नको. आपल्याच सगळ्यात बारीक बुडबुड्यांना पुढे जाऊ द्यायचं. वर बघायचं, दोर धरायचा, श्वास चालू.

कोकणातून देशावर परतणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. बुडीनंतर विमानात बसायचं नाही: एक बुडी असेल तर किमान १२ तास, जास्त झाल्या असतील तर १८. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि वरच्या विरळ हवेत त्याचे बुडबुडे होऊ शकतात. हाच विचार घाटालाही लावा. आंबोली समुद्रसपाटीपासून ६०० मीटरहून उंच आहे, आमचं लातूरही तितकंच. उथळ, छोट्या बुडीत धोका कमी असतो, तरी आम्ही ती रात्र मालवणातच काढली. दुपारी सोलकढी आणि भात, संध्याकाळी किनाऱ्यावर चालणं. कान एक-दोन दिवस जड वाटतात. दुखणं वाढलं, चक्कर आली, सांधे दुखले, मुंग्या आल्या तर थांबू नका. डॉक्टरकडे जा आणि बुडी मारली होती हे पहिल्याच वाक्यात सांगा.

झोपण्याआधी त्या मुलाने मनगटावरच्या संगणकातून वाचून दाखवलेले आकडे वहीत उतरवून घेतले. तुम्हीही घ्या, पुढच्या वेळी कामाला येतात. माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे: किल्ल्याजवळ, सकाळी ८.१०, खोली ६.८ मीटर, वेळ २४ मिनिटं, वजन पाच किलो, हवा २०० वरून ९०. उजव्या कानाला डावीकडे मान.