ख्रिस्ती फॅन्टसी मुलांच्या हाती देण्यापूर्वी कशी तपासावी

हरि केशवजी यांनी १८४१ साली ‘यात्रिकक्रमण’ मराठीत आणले. जॉन बनियनच्या १६७८ सालच्या इंग्रजी रूपककथेचे ते भाषांतर. मराठी ख्रिस्ती घरात हे पुस्तक बायबलशेजारी ठेवायला सहसा कुणी हरकत घेणार नाही. आता त्या कथेत काय काय घडते ते पाहा. अंगावर माशासारखे खवले, अस्वलाचे पाय आणि पोटातून आग निघणारा एक राक्षस वाट अडवतो. एका बाजारात नायकाच्या सोबत्याला खांबाला बांधून जाळतात. पुढे ‘निराशा’ नावाचा दैत्य नायकाला अंधारकोठडीत कोंडतो, सोट्याने झोडपतो आणि जीव द्या म्हणून मागे लागतो.

हेच प्रसंग ड्रॅगनचे चित्र असलेल्या मुखपृष्ठाखाली आले असते, तर आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पुस्तक न उघडताच बाजूला ठेवले असते. आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, संडे स्कूलमधले पुस्तकांचे कपाट माझ्याकडे आहे, त्यामुळे ‘हे माझ्या मुलाला चालेल का?’ हा प्रश्न मला दर रविवारी ऐकू येतो. त्याचे उत्तर कसे शोधायचे ते इथे सांगते.

पहिली पायरी : आधी मूल पाहा, मग पुस्तक

एका आठ वर्षांच्या मुलाला मी सी. एस. लुईसच्या नार्निया या काल्पनिक जगाची सातही पुस्तके एकामागून एक दिली. ख्रिस्ती लेखक, मुलांसाठीच लिहिलेली पुस्तके, त्यामुळे मला शंकाही आली नाही. सातव्या पुस्तकाच्या शेवटी कळते, की गोष्टीतली मुले आगगाडीच्या अपघातात मरण पावली आहेत आणि म्हणूनच ती आता कायमची अस्लान या सिंहाच्या देशात आहेत. लुईसने तो शेवट अपार आनंदाचा लिहिला आहे. त्या मुलाचे वडील मात्र रोज लोकलने कामाला जात. पुढचे कित्येक दिवस वडील घरी येईपर्यंत तो दारात उभा राहायचा. पुस्तकात काही वाईट नव्हते. मी मुलाची चौकशी केली नव्हती, चूक माझी होती.

म्हणून आधी कागदावर तीन गोष्टी लिहा. मुलाला कशाची भीती वाटते? गेल्या वर्षभरात घरात आजारपण किंवा मृत्यू झाला आहे का? ते एकटे वाचणार, की कुणी मोठे माणूस सोबत वाचणार? त्याखाली आपल्या घराची मर्यादा लिहा. काही घरांत ‘चेटकीण’ हा शब्दही नको असतो आणि त्यामागे बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातली मनाई असते. काहींना गोष्टीतल्या चेटकिणीची अडचण वाटत नाही. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल खाण्यापिण्याबद्दल जे सांगतो, ते मला इथे लागू वाटते: ज्याची सदसद्विवेकबुद्धी अडखळते, त्याला तुच्छ लेखू नये. दुसऱ्याच्या मुलाला पुस्तक देताना त्या घराची मर्यादा पाळायची, आपली नाही.

दुसरी पायरी : ‘ख्रिस्ती’ म्हणजे नेमके काय ते ठरवा

या एका शब्दाखाली निरनिराळी पुस्तके येतात. टॉल्किन कॅथलिक होता. आपले ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हे मुळात धार्मिक आणि कॅथलिक पुस्तक आहे, असे त्याने १९५३ च्या एका पत्रात लिहिले, पण त्यात ना चर्च आहे ना येशूचे नाव. ज्या दिवशी कथेतली दुष्ट अंगठी नष्ट होते तो २५ मार्च, म्हणजे देवदूताने मरीयेला निरोप दिला त्या सणाचा दिवस, हे माहीत असणाऱ्यालाच दिसते. लुईसची रीत वेगळी. नार्नियासारखे जग असते आणि त्याला तारण हवे असते, तर देवपुत्र तिथे कोणत्या रूपात आला असता, अशी कल्पना त्याने केली आणि सिंह लिहिला. तिसरा गट अमेरिकेतल्या ख्रिस्ती प्रकाशकांचा. तिथे शिव्या आणि शरीरसंबंधांची वर्णने साधारणपणे टाळली जातात, पण दुरात्मे आणि रक्तपात भरपूर असू शकतो. फ्रँक पेरेटीच्या १९८६ च्या कादंबरीत एका छोट्या गावावर देवदूत आणि दुरात्म्यांची लढाई चालते. तिथे शिवी सापडणार नाही, पण भित्र्या मुलाला रात्री झोप येणे कठीण.

तिसरी पायरी : जादू मोजू नका, तिचा उगम शोधा

सर्वांत जास्त वाद इथेच होतात. जादूचा शब्द किती वेळा आला हे मोजून हाती काही लागत नाही. मी प्रत्येक पुस्तकाला तीन प्रश्न विचारते: ही शक्ती कुणाकडून आली? ती कशासाठी वापरली? आणि वापरणाऱ्याचे पुढे काय झाले?

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला गँडाल्फ घ्या. त्याला जादूगार म्हणतात, पण टॉल्किनच्या विश्वात तो मंत्र शिकलेला माणूस नाही. वरून पाठवलेला, देवदूताच्या जातीचा आहे. अंगठी समोर आली तेव्हा तो ती घ्यायला घाबरतो, कारण चांगले करण्याच्या इच्छेतूनच ती आपल्याला बिघडवील हे त्याला कळते. पहिल्या प्रश्नाचे आणि तिसऱ्याचे उत्तर इथे एकाच प्रसंगात मिळते.

नार्नियाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या प्रकरणात हरत आलेल्या बाजूचा एक बुटका, एक जख्खड चेटकीण आणि एक लांडगामानव मिळून मेलेल्या पांढऱ्या चेटकिणीला परत बोलावू पाहतात. हा सरळसरळ भूतविद्येचा प्रसंग आहे. पण लेखक त्याच्या बाजूने उभा नाही, आणि ‘मदत कुठूनही आली तरी चालेल’ हा विचार माणसाला कुठे नेतो ते तो दाखवतो. ज्या घरात मांत्रिकाकडे जाण्याचा मोह अगदी जवळून पाहिलेला आहे, तिथे या प्रकरणावर मुलांशी जरूर बोला.

मला सर्वांत अवघड वाटतो तो तिसऱ्या पुस्तकाच्या दहाव्या प्रकरणातला प्रसंग. ल्यूसी, म्हणजे आपली लाडकी नायिका, मंत्रांचे पुस्तक उघडते आणि मैत्रीण आपल्यामागे काय बोलते ते मंत्राने चोरून ऐकते. अस्लान तिला सांगतो, की जादूने असो वा इतर कशाने, चोरून ऐकणे ते चोरून ऐकणेच. ती मैत्री मात्र पूर्वीसारखी राहत नाही. याच पुस्तकातले दुसरे मंत्र निरुपद्रवी, सुंदर ठरतात. ज्यांच्या घरी मंत्र म्हणजे मंत्र, त्यांना हे प्रकरण खटकेल आणि ते खटकणे मी चुकीचे म्हणणार नाही. त्यांनी ते वगळावे किंवा सोबत बसून वाचावे.

चौथी पायरी : भीती आणि हिंसा

इथे पानांवर खुणा करा. पहिल्या नार्नियाचे चौदावे प्रकरण: अस्लानला बांधतात, त्याची आयाळ कापतात, थट्टा करतात आणि दगडी मेजावर मारतात. वधस्तंभाची गोष्ट ऐकून मोठी झालेली मुलेही इथे रडतात. हे प्रकरण झोपण्यापूर्वी वाचून दिवा मालवू नका. पंधरावेही त्याच बैठकीत वाचा, त्यात अस्लान जिवंत होतो. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये शेलॉब ही महाकाय कोळीण आहे, वेढ्याच्या वेळी शहरात फेकलेली मुंडकी आहेत आणि निराश होऊन चितेवर स्वतःला जाळून घेणारा डेनेथॉर आहे. घरात किंवा शेजारी आत्महत्या झालेली असेल, तर ते प्रकरण मुलाने एकट्याने वाचू नये. अँड्र्यू पीटरसनच्या विंगफेदर मालिकेत विनोद खूप आहे, पण रात्री मुले पळवून नेणारी काळी गाडीही आहे, आणि दुसऱ्या भागात मुलांना राबवणारा कारखाना.

पाचवी पायरी : शिकवण, आणि माणसांचा रंग

सातव्या नार्नियाच्या पंधराव्या प्रकरणात एमेथ नावाचा सैनिक भेटतो. तो आयुष्यभर ताश या दुसऱ्या देवाची मनोभावे सेवा करत आला आहे, आणि ती सेवा अस्लान आपली म्हणून स्वीकारतो. अनेक पाळकांना हे मान्य होणार नाही. अनेक वाचकांना पुस्तकातले सर्वांत उदार पान हेच वाटते. तुमची मंडळी काय शिकवते ते आधी ठरवून ठेवा, कारण मूल विचारणारच.

एका गोष्टीकडे पालकांनी केलेल्या परदेशी याद्यांपेक्षा आपण जास्त बारकाईने पाहायला हवे. नार्नियाचे शत्रू कॅलोर्मेनी. सावळे, पागोटे घालणारे, वाकड्या तलवारी बाळगणारे, आणि शेवटच्या पुस्तकात बुटके त्यांना रंगावरून हिणवतात. आपले सावळे मूल ते वाचते तेव्हा ते कुणाच्या बाजूला उभे राहते? आराविस ही शूर मुलगी कॅलोर्मेनी आहे, एमेथही कॅलोर्मेनी आहे, हे खरे. तरी त्या वर्णनांनी मला दर वाचनात त्रास होतो. मी मुलांना ते लपवत नाही. लेखकाने इथे आपल्या काळाचा पूर्वग्रह तसाच ठेवला, असे स्पष्ट सांगते.

सहावी पायरी : तासाभराची तपासणी

अख्खे पुस्तक वाचायला वेळ नसेल, तर पहिले प्रकरण, शेवटची दोन प्रकरणे आणि तीनचतुर्थांशाच्या आसपासची दोन प्रकरणे वाचा. सर्वांत काळोखा प्रसंग बहुधा तिथेच असतो. पालकांनी केलेल्या याद्यांतून फक्त तपशील घ्या: कोण मरते, कुठे, किती वर्णन आहे. ‘चांगले’ की ‘वाईट’ हा निकाल तुमचा तुम्ही द्या.

लेखकाच्या नावावर वय ठरवू नका. लुईसच्याच अंतराळ-त्रयीचा तिसरा भाग, १९४५ चा, मोठ्यांसाठी आहे. त्यात एका स्त्रीला चिरूटाचे चटके देतात आणि शेवटी मेजवानीत पिंजऱ्यातून सुटलेले प्राणी माणसे मारतात. नार्निया आवडले म्हणून बारा वर्षांच्या मुलीला तो देऊ नका. नार्नियाची पुस्तके मात्र प्रकाशनाच्या क्रमाने, १९५० पासून १९५६ पर्यंत, द्यावीत असे माझे मत आहे. गोष्ट हळूहळू गडद होत जाते आणि वाचणारे मूलही तेवढ्यात थोडे मोठे होते.

तपासलेले विसरू नये म्हणून मलपृष्ठाच्या आत एक चिठ्ठी चिकटवा. प्रकरणाचा क्रमांक, काय आहे ते एका ओळीत, आणि सोबत वाचावे की नाही. आमच्या कपाटातल्या प्रत्येक पुस्तकात आता अशी चिठ्ठी आहे. नार्नियाच्या सातव्या पुस्तकातली मी सर्वांत आधी लिहिली: ‘शेवटच्या प्रकरणात आगगाडीचा अपघात. घरचे कोण लोकलने जाते ते आधी विचारा.’