जडत्व, लेन्झ आणि ल शातलिए : साम्य शोधताना या चुका टाळा

जडत्व, लेन्झचा नियम आणि ल शातलिएचे तत्त्व हे तिन्ही ‘बदलाला विरोध’ करतात, म्हणून ते एकसारखेच आहेत असे काहीजण लिहितात; पण त्यात काही चुका होतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात नौका धक्क्याला लावताना तांडेल (नौकेचा प्रमुख) इंजिनाचा जोर बराच आधी काढून घेतो, कारण त्यानंतरही नौका पुढे सरकत राहणार हे त्याला पक्के ठाऊक असते. ‘जडत्व गतीला विरोध करते’ असे लिहिणाऱ्यांनी ही नौका आठवावी. न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेल्या पहिल्या नियमानुसार बाहेरून बल लागले नाही तर वस्तू आपला वेग टिकवते. विरोध असतो तो वेगातील बदलाला, आणि नौका थांबते ती पाण्याच्या रोधामुळे.

हीच गफलत लेन्झच्या १८३४ च्या नियमाबाबत होते. तो नियम असा: वाहकातून जाणारा चुंबकीय अभिवाह (चुंबकीय क्षेत्राचा प्रवाह) बदलला की वाहकात उमटणारा विद्युतप्रवाह, म्हणजे प्रवर्तित प्रवाह, त्या बदलाला विरोध करतो. तांब्याच्या नळीतून चुंबक सोडल्यास तो संथपणे उतरतो, कारण त्याच्या खाली, जिथे चुंबकीय अभिवाह वाढत असतो, तिथले प्रवर्तित प्रवाह त्याला वर लोटतात आणि वर, जिथे अभिवाह घटत असतो, तिथले प्रवाह त्याला मागे खेचतात. विरोध अभिवाहाला नसून त्याच्या बदलाला आहे. चुंबक थांबला तर प्रवाहच उरणार नाहीत. म्हणून तो नळीत अधांतरी अडकत नाही.

जडत्वाशी खरे गणिती साम्य आहे ते विद्युत कुंडलाचे, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचे. पोफळीच्या बागेतील पंप बंद करताना स्विचमध्ये ठिणगी उडते, कारण मोटरच्या कुंडलातील प्रवाह एकाएकी शून्य होऊ शकत नाही. बल म्हणजे वस्तुमान गुणिले वेगबदलाचा दर. तसाच कुंडलातील विद्युतदाब म्हणजे प्रवर्तकता (प्रवाहबदलाला विरोध करण्याचा कुंडलाचा गुण) गुणिले प्रवाहबदलाचा दर. साठलेली ऊर्जाही दोन्हीकडे एकाच साच्यात येते: निम्मे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, तशीच निम्मी प्रवर्तकता गुणिले प्रवाहाचा वर्ग. हे साम्य मला फार मोलाचे वाटते.

ल शातलिएचे १८८४ चे तत्त्व मात्र या रांगेत सरसकट बसवू नये, कारण ते समतोलात असलेल्या प्रणालीलाच लागू पडते: अशा प्रणालीत दाब किंवा तापमान बदलले की समतोल तो बदल अंशतः कमी होईल अशा दिशेला सरकतो. अलिबागजवळच्या थळच्या खत कारखान्यात अमोनिया बनतो. त्या अभिक्रियेत वायूंचे चार रेणू जाऊन दोन येतात, म्हणून दाब वाढवला की समतोल अमोनियाकडे झुकतो. यामुळे वाढलेला दाब अंशतः कमी होतो, पूर्ववत होत नाही; ‘बदल नाहीसा होतो’ हे वाक्य खोडावे.

समुद्र जमिनीपेक्षा सावकाश तापतो, हेही काहीजण याच तत्त्वात घालतात. वास्तविक एक किलो पाणी एक अंशाने तापवण्यास सुमारे ४.२ किलोज्यूल लागतात, शिवाय लाटांमुळे उष्णता खोलवर मिसळते. उष्णता सामावून घेण्याच्या या गुणात मूळ तापमानाकडे परत ओढणारे काहीच नाही, त्यामुळे समुद्राचे नाते थळच्या अमोनियापेक्षा मिरकरवाड्याच्या नौकेशी अधिक जवळचे आहे.