‘त्रिज्या’ या शब्दाची फोड कशी करावी

वर्तुळाच्या केंद्रापासून परिघापर्यंत जाणारा रेषाखंड म्हणजे त्रिज्या, ही व्याख्या शाळेत सर्वांचीच पाठ होते. परंतु त्या शब्दात ‘त्रि’ कोठून आला, असा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ‘तीन ज्या’ अशी सरळ फोड केल्यास अर्थ लागत नाही, कारण वर्तुळाला त्रिज्या असंख्य असतात आणि त्या प्रत्येकीत तीन असे काहीच मोजता येत नाही. म्हणून तर्क लढवत बसण्याऐवजी कंपास आणि पट्टी घेऊन हा शब्द कागदावर काढून पाहावा.

सुरुवात ‘ज्या’पासून करावी. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी, आणि जीवा हे तिचेच दुसरे नाव. ५ सेंमी त्रिज्येचे वर्तुळ काढून त्यात ६ सेंमी लांबीची जीवा घ्यावी, आणि ती जीवा व तिने कापलेला लहान कंस एवढेच ठळक करावे. धनुष्य समोर उभे राहते. जुन्या गणितग्रंथांत कंसाला चाप म्हणजे धनुष्य असेच म्हटले आहे, आणि जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंत काढलेल्या लंबाला शर, म्हणजे बाण. या आकृतीतला शर मोजला तर तो बरोबर १ सेंमी भरतो. व्यास १०, ज्या ६ आणि शर १ हे उदाहरण भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तले, म्हणजे इ.स. ११५०चे आहे.

यापुढची पायरी थोडी जपून चढावी लागते. ग्रहगणितात पूर्ण दोरीपेक्षा अर्ध्या दोरीचा उपयोग अधिक होता, त्यामुळे ‘ज्यार्ध’ हा शब्द रूढ झाला आणि पुढे ‘अर्ध’ गळून नुसत्या ‘ज्या’नेच अर्धी दोरी समजली जाऊ लागली. शाळेतली जीवा पूर्ण दोरी असते आणि त्रिकोणमितीतली ज्या अर्धी; हा फरक नीट ध्यानात ठेवला नाही, तर पुढची फोड जुळत नाही. (हीच ‘जीवा’ अरबीत ‘जीब’ झाली, स्वरचिन्हांविना लिहिलेला तो शब्द ‘जैब’, म्हणजे वस्त्राची घडी, असा वाचला गेला, बाराव्या शतकात त्याचे लॅटिन भाषांतर ‘सायनस’ झाले आणि त्यातून ‘साइन’ आला.)

आता नव्या वर्तुळात केंद्रातून एक आडवी रेषा काढावी. ती परिघाला जेथे छेदते तेथून परिघावर ३० अंश वर जावे आणि त्या बिंदूतून आडव्या रेषेवर लंब टाकावा. हा लंब म्हणजे ३० अंशांची ज्या. मग ६० अंशांवर आणि शेवटी ९० अंशांवर तसेच करावे. लंब वाढत जातो आणि ९० अंशांवर तो थेट केंद्रात उतरतो, म्हणजे त्याची लांबी केंद्र ते परीघ एवढी होते. ज्योतिषशास्त्रात ३० अंशांची एक राशी धरतात, तेव्हा ९० अंश म्हणजे तीन राशी. तीन राशींची ज्या ती त्रिराशिज्या, आणि तिचे आटोपशीर रूप त्रिज्या.

ही फोड आकड्यांवर पडताळूनही पाहता येते. आर्यभटाने इ.स. ४९९च्या सुमारास परीघ २१,६०० कला धरून (३६० अंश, दर अंशास ६० कला) दर २२५ कलांना एक अशा २४ ज्या दिल्या. त्या त्याने लागोपाठच्या दोन ज्यांमधील फरकांच्या रूपात सांगितल्या असल्यामुळे बेरीज करत जावे लागते. पहिली ज्या २२५ येते. आठवी, म्हणजे एका राशीची, १७१९. आणि चोविसावी, म्हणजे तीन राशींची, ३४३८. आता केंद्र ते परीघ हे अंतर काढण्यासाठी २१,६०० ला पायच्या (π) दुपटीने भागावे. भागाकार सुमारे ३४३७.७५ येतो, आणि तो पूर्णांकात ३४३८च होतो.

येथे एक शंका रास्त आहे: वर्तुळाच्या या मूलभूत अंतराला नाव मिळायला ज्या-कोष्टके तयार होईपर्यंत थांबावे लागले काय? तसे नाही. व्यासार्ध आणि विष्कंभार्ध (विष्कंभ म्हणजे व्यास) हे शब्द प्रचारात होतेच. वर्तुळाचे क्षेत्रफळ सांगताना खुद्द आर्यभटाने विष्कंभार्ध असेच म्हटले आहे. त्रिज्या हे नाव ज्या-गणितातले, आणि मराठी भूमितीने तेच उचलले. माझ्या मते व्यासार्ध हा शब्द विद्यार्थ्यांना अधिक सोपा गेला असता, कारण त्याचा अर्थ ऐकताक्षणी कळतो.

आकृती पुढे असतानाच ‘कोज्या’ही उलगडून घ्यावी. ९० अंशांतून दिलेला कंस वजा केल्यावर उरणाऱ्या भागाला कोटी म्हणतात, आणि त्या भागाची ज्या ती कोटिज्या, म्हणजेच कोज्या. वर ६० अंशांवर टाकलेला लंब हीच ३० अंशांची कोज्या होय.