अबोली वाचवा, सांबराला उपाशी ठेवा

गोव्यात सत्तरी, सांगे, काणकोणात जंगलालगत बाग असेल, तर जास्वंदीच्या कळ्यांवर पहिला हक्क सांबराचा आणि भेकराचा. आधी चोर ओळखा. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे देठ ओरबाडल्यासारखा, चिंध्या झालेला दिसतो. तिरका, सुरीने कापल्यासारखा काप असेल तर तो ससा.

खात्रीचा उपाय कुंपणच, तेही ७-८ फूट. कमरेएवढं कुंपण सांबर सहज ओलांडतं. हिरवी शेडनेट आतून बांधा. पलीकडचं दिसलं नाही की जनावर उडी घ्यायला कचरतं. मासेमारीचं जुनं जाळं मात्र नको, त्यात शिंगं अडकतात. फास किंवा वीजप्रवाह तर मुळीच नाही: १९७२च्या वन्यजीव कायद्याने सांबर आणि भेकर दोन्ही संरक्षित आहेत.

कुंपण होईपर्यंत अंड्याचा फवारा. लिटरभर पाण्यात एक अंडं फेटून दोन दिवस झाकून ठेवा, फडक्यातून गाळा (न गाळल्यास नोझल तुंबतं), चमचाभर साबणाचं पाणी घाला, संध्याकाळी पानांवर मारा. शेजारी विचारतील, काय मेलंय? पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या सरीनंतर पुन्हा मारावा लागतो. देवाला वाहायच्या फुलांवर अर्थातच नको.