बाजारात उरलेला भाजीपाला संस्थेच्या चुलीपर्यंत कसा पोचवावा

‘उरलेली भाजी गोळा करा आणि गरजूंना वाटा,’ हा सल्ला कुणीही देतं. सल्ला देणाऱ्यांनी एकदा लिलाव उठल्यावर बाजार समितीत उभं राहून बघावं. उठाव नसला की मेथीच्या जुड्या, टोमॅटोचे कॅरेट, वांग्यांच्या गोण्या तिथेच पडून राहतात. सकाळी त्यातला बराच माल खाण्याजोगा असतो. पण जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा तोच माल संध्याकाळी उकिरड्यावर टाकावा लागतो.

म्हणून सुरुवात बाजारातून करू नका, स्वयंपाकघरातून करा. वसतिगृह असो, आश्रमशाळा असो की वृद्धाश्रम, तिथे स्वयंपाक करणाऱ्या मावशींनाच फोन लावा. ताटं किती, भाजी कधी चिरणार, घरात आधीच काय पडलंय, हे त्यांनाच ठाऊक असतं. संस्थाचालक सगळ्यालाच ‘पाठवा’ म्हणतात.

अडत्याकडे, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणाऱ्या दलालाकडे, हिशेब मिटल्यावर जा, लिलाव चालू असताना नाही. माल शेतकऱ्याने सोडून दिलेला आहे की अजून त्याच्याच नावावर आहे, हे आधी विचारा. त्याच्या नावावर असेल तर त्याचा होकार घेतल्याशिवाय जुडीलाही हात लावू नका. ज्याला गाडीभाडंही सुटलेलं नाही, त्याला निदान विचारायला तरी हवं.

खरं काम निवडीचं. मला हेच शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला. माझं ठाम मत आहे की निवड बाजारातच व्हायला हवी, संस्थेच्या दारात नाही. ‘आधी नेऊ, तिथे निवडतील’ असं म्हणणारे स्वतःचा कचरा दुसऱ्याच्या अंगणात टाकतात. तो फेकायचं काम मग त्या मावशींच्या माथी येतं.

वरून बघून काहीही घेऊ नका. टोमॅटोचा कॅरेट वरून लालबुंद दिसतो आणि तळाशी फुटलेल्या फळांचं पाणी साचलेलं असतं. रिकाम्या कॅरेटमध्ये तो पूर्ण उलटा करा. मेथी आणि कोथिंबिरीची जुडी मधोमध उघडा, बोटं आत घाला. आत गरम आणि चिकट लागलं तर ती सडायला लागली आहे, बाहेरची पानं कितीही हिरवी असोत. भरिताची वांगी देठाजवळ दाबून बघा. अळीचं एखादं भोक असलेलं वांगं चिरून वापरता येतं, पण मऊ पडलेलं नको. हिरवे पडलेले बटाटे बाजूला काढा. त्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असू शकतं आणि ते शिजवूनही पुरतं जात नाही. बुरशी आलेली मऊ भाजी तर कापून, निवडूनही द्यायची नाही.

कसोटी एकच ठेवा: हे मी माझ्या घरी आज शिजवीन का? मन जरा जरी कचरलं तरी ती गोणी राहू द्या. गरिबाला चालेल, हे वाक्य माझ्यासोबत काम करणाऱ्यांनी उच्चारलेलं मला खपत नाही.

निवडताना धुण्याचा मोह टाळा. ओली भाजी बंद गाडीत लवकर सडते, भेंडी तर बुळबुळीत होते. धुणं चिरायच्या आधी. उन्हाळ्यात पालेभाजीवर ओलं गोणपाट पिळून टाकलं की पुरे.

रावेर-यावलकडची पिकलेली केळी मिळाली तर पालेभाजीपासून लांब ठेवा. केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं लवकर पिवळी पडतात.

भरताना जड माल खाली, टोमॅटो आणि पाला वर. छोटा टेम्पो पुरतो.

काय, किती, कुठून घेतलं आणि कुणाला दिलं, हे वहीत लिहा. शिल्लक अन्नाच्या वाटपासाठी एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय संस्थेची, 2019 ची नियमावली आहे. संस्था म्हणून नियमित काम करणार असाल तर ती वाचून घ्या. टाकाऊ माल खतासाठी द्या. बुरशीचा माल गुरांपुढे टाकू नका.

आणि रिकामे कॅरेट त्याच दिवशी अडत्याला परत करा. त्याला त्यांचा हिशेब द्यावा लागतो. कॅरेट अडकले की पुढच्या वेळी चांगला मालही तो तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवत नाही.