एजन्सीतून परमनंट होताय? सिनियॉरिटीची तारीख आधी बघा

एजन्सीकडून कामावर असाल आणि आता कंपनी परमनंट करतेय तर सहीची घाई करू नका, आधी युनियनचा करार मागून घ्या आणि त्यात सिनियॉरिटी कुठल्या तारखेपासून धरतात ते शोधा. बऱ्याच करारांत कंपनीच्या पगारपत्रकावर नाव आलं तो दिवस धरतात, म्हणजे एजन्सीतली वर्षं मोजतच नाहीत, आणि हे फार अन्यायाचं आहे कारण मशीन तेच, शिफ्ट तीच. काही करारांत मात्र ती वर्षं धरायचं कलम असतं, पण मध्ये ब्रेक पडला तर काय, हेही वाचा.

पुरावा आजपासूनच जमवा. गेटपास, हजेरी, पगाराच्या स्लिपा, सगळ्याचे फोटो काढून ठेवा, एजन्सी बदलली की जुने कागद मिळत नाहीत.

कंपनीच्या सिनियॉरिटीच्या यादीत तुमची तारीख चुकीची दिसली तर युनियन प्रतिनिधीकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगून काही होत नाही. तक्रारीची मुदत बहुतेक करारांत कमी असते, ती गेली की मुद्दा बरोबर असूनही केस अडकते. कामगार कपात आली की आधी कोणाला काढायचं हे बऱ्याचदा याच यादीवरून ठरतं.